तंबू, गुरं आणि सिंह: केनियातल्या कॉन्झर्व्हन्सीत पहिल्यांदा राहायला जाताना

"एवढे पैसे मोजून तंबूत झोपायचं?" सासूबाईंनी विचारलं तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. आकडा मी त्यांच्यापासून लपवून ठेवला होता, पण नवऱ्याने जेवता जेवता तो सांगून टाकला. त्यानंतर मी तीनदा मसाई माराच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये, म्हणजे मसाई कुटुंबांनी वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या स्वतःच्या जमिनींवर, राहून आले. आता ओळखीपाळखीतून कुणी ना कुणी फोन करून तोच प्रश्न विचारतं, आणि पुढे कसं जायचं, कुठे राहायचं, काय न्यायचं हे ओघाने येतंच. दर वेळी तासभर बोलण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आधी जमीन कुणाची, ते समजून घ्या

मसाई मारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सरकारी राखीव भाग. सुमारे १,५१० चौरस किलोमीटरचा हा भाग नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. तिकीट काढून कुणीही आत जातं, आणि ऑगस्टमध्ये नदीकाठी गाड्यांची जी रांग लागते ती पाहून आपल्याला लोणावळ्याचा रविवार आठवतो. या राखीव भागाला कुंपण नाही. त्यामुळे प्राणी उत्तरेला आणि पूर्वेला बिनदिक्कत बाहेर पडतात, आणि बाहेर जी जमीन आहे ती मसाई कुटुंबांच्या मालकीची.

पूर्वी ही जमीन सामाईक होती, ग्रूप रँच म्हणायचे. पुढे तिची वाटणी होऊन एकेका कुटुंबाच्या नावावर तुकडे झाले. आपल्याकडे सातबारा वेगळे झाले की बांध पडतात, तिथे तारा पडायला लागल्या. तारा पडल्या की हत्ती, विल्डबीस्ट नावाची मोठी हरणं, सगळ्यांचीच वाट अडते. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे कॉन्झर्व्हन्सी. शेजारशेजारच्या जमीनमालकांनी आपले तुकडे एकत्र करायचे, कॅम्प चालवणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, स्वतःची घरं त्या पट्ट्याबाहेर न्यायची आणि गुरं ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागीच चारायची. बदल्यात एकरामागे ठरलेलं भाडं थेट मालकाच्या खात्यात येतं, त्या महिन्यात पाहुणे कमी आले तरी. ओल किनयेई २००५ मध्ये सुरू झाली, ओलारे ओरोक २००६ मध्ये, मारा नॉर्थ २००९ मध्ये आणि नाबोइशो २०१० मध्ये. २०१३ च्या वन्यजीव कायद्याने या पद्धतीला रीतसर मान्यता दिली. शिकारीवर तर केनियात १९७७ पासूनच बंदी आहे, त्यामुळे जनावर जिवंत ठेवून पैसे मिळवायचे तर पाहुणा हाच मार्ग.

आता सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. नाबोइशो सुमारे ५० हजार एकरांची आहे, जमीनमालक पाचशेच्या वर. तिथला दंडक साधारण ७०० एकरांमागे एक तंबू. हिशेब करा: मुंबईच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जागा आणि सगळे कॅम्प भरले तरी रात्रीला दीडशेच्या आसपास पाहुणे. तुम्ही पैसे देता ते आजूबाजूला माणूस नसण्याचे. तांब्याचा बाथटब, चांदीचे काटेचमचे हे सगळं वरचं कौतुक.

एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगते. हा व्यवहार सगळ्यांनाच सारखा लाभतो असं नाही. जमीन बहुतेक पुरुषांच्या नावावर आहे, म्हणून भाडंही त्यांच्याच हातात जातं. घर हलवावं लागलेल्या आणि चराई आखडलेल्या कुटुंबांची कुरकुर आहे. उत्तर केनियात तर २०२५ च्या जानेवारीत इसियोलोच्या न्यायालयाने दोन कॉन्झर्व्हन्सींची स्थापनाच बेकायदेशीर ठरवली. म्हणून कॅम्प निवडताना "इथल्या जमिनीचं भाडं कुणाला आणि कसं मिळतं?" हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारते. चांगले कॅम्प याचं उत्तर न अडखळता देतात. जे "आम्ही कम्युनिटीला सपोर्ट करतो" एवढ्यावर भागवतात, त्यांना मी मनातल्या मनात वजा करते.

कुठली निवडायची

पहिल्यांदा जात असाल तर माराच्याच आसपासची घ्या. सिंह, चित्ते बघायचे असतील तर नाबोइशो आणि ओलारे मोतोरोगी (ओलारे ओरोक आणि मोतोरोगी मिळून झालेली) या दोन्ही उत्तम. ब्रिटिश उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांचा 'महाली मझुरी' हा कॅम्प याच ओलारे मोतोरोगीत २०१३ मध्ये सुरू झाला. मारा नॉर्थ आकाराने मोठी आहे.

दुसऱ्या खेपेला मात्र उत्तरेला जा. लाइकिपियातलं इल ङ्ग्वेसी हे लॉज १९९६ मध्ये सुरू झालं, आणि ते संपूर्णपणे तिथल्या मसाई समाजाच्या मालकीचं आहे. तिथे चाकांवरचा पलंग रात्री उघड्यावर ढकलत आणतात आणि डोक्यावर फक्त मच्छरदाणी आणि आकाश. सांबुरू जमातीच्या भागातल्या नामुन्याक कॉन्झर्व्हन्सीत रेतेती नावाचं हत्तींच्या पोरक्या पिल्लांचं आश्रयस्थान २०१६ पासून आहे, तेही गावकऱ्यांनीच चालवलेलं. पिल्लांना पाजायचं शेळीचं दूध आसपासच्या बायकांकडून विकत घेतात. त्याच भागात उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या पात्रात खोल विहिरी खणून, गाणी म्हणत गुरांना पाणी पाजतात. प्रत्येक घराची चाल वेगळी, आणि गुरं म्हणे आपल्या मालकाचं गाणं ओळखून पुढे येतात. तिथे फोटो काढू देत नाहीत. ते बरंच आहे.

'खासगी' या शब्दाचे दोन अर्थ असतात, ते बुकिंग करताना गोंधळात टाकतात. एक, आठ-दहा तंबूंचा कॅम्प, ज्यात इतर पाहुणेही असतात. दुसरा, आख्खं घर फक्त तुमचं: स्वतःचा स्वयंपाकी, स्वतःची गाडी, स्वतःचा गाइड. तुम्ही दोघंच असाल तर पहिला घ्या, शेकोटीभोवती बरी माणसं भेटतात. आजी-आजोबा, मुलं, आतेभाऊ असे आठ जण निघाला असाल तर घराचाच भाव काढून बघा. माणशी हिशेब पुष्कळदा जवळपास तेवढाच पडतो, आणि नातवंडाला दुपारी झोप आली म्हणून अनोळखी माणसांची प्राणी बघायची फेरी मोडत नाही.

केव्हा जायचं

इथे आपली पंचाईत आहे. आपल्या शाळांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये, आणि नेमका तेव्हाच तिकडे मोठा पाऊस. मार्चअखेर ते मे. माराची जमीन आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्यासारखीच काळी, तिकडेही तिला कापसाची काळी माती असंच म्हणतात. ती ओली झाली की गाडी कशी रुतते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. काही कॅम्प तर या दिवसांत बंदच असतात. जे उघडे असतात त्यांचे दर खूप खाली येतात, पण ते ज्यांना वेळ आहे आणि चिखलाचं वावडं नाही त्यांच्यासाठी.

दिवाळीची सुट्टी त्यातल्या त्यात बरी. छोटा पाऊस साधारण नोव्हेंबरपासून, तोही बहुतेक दुपारी तास-दोन तास. जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे कळप टांझानियातल्या सेरेंगेटीतून माराला येतात, तेव्हा सगळंच महाग. मुलांच्या शाळेची अडचण नसेल तर माझं मत जानेवारी-फेब्रुवारी. कोरडं हवामान आणि दर मधले. मांजरकुळातले प्राणी कॉन्झर्व्हन्सीत बारा महिने असतात, ते स्थलांतरावर अवलंबून नसतात. त्या कळपांचं नदी ओलांडण्याचं दृश्य सोडलं तर ऑगस्टचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

दर माणशी, रात्रीला सांगतात. बऱ्या कॅम्पांचे पाचशे-सहाशे डॉलरपासून सुरू होतात आणि अतिश्रीमंती थाटाचे दीड-दोन हजारांच्याही वर जातात. त्यात जेवणखाण, फेऱ्या आणि कपडे धुणं सहसा धरलेलं असतं. पण 'सहसा' या शब्दात बरंच काही लपतं.

पहिलं म्हणजे, कॅम्प कॉन्झर्व्हन्सीच्या आत आहे का? नावात 'मारा' असलेले कित्येक कॅम्प राखीव भागाच्या फाटकाबाहेर, गावाला लागून आहेत. कॉन्झर्व्हन्सीत फक्त तिथे मुक्काम करणाऱ्यांनाच फिरता येतं, त्यामुळे हद्दीबाहेर राहिलात तर सगळाच हिशेब फसला. दुसरं, कॉन्झर्व्हन्सीची फी दरात धरली आहे की वेगळी? एखादा दिवस राखीव भागात जायचं असेल तर तिथलं तिकीट निराळं. ते २०२४ पासून परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे, तेही दिवसाचं. चार जणांचे एका दिवसाचे ८०० डॉलर. आम्ही दुसऱ्या खेपेपासून तो दिवस गाळला आणि काही बिघडलं नाही.

तिसरं, गाडी सामाईक की स्वतंत्र, आणि एका गाडीत किती जण? फोटोग्राफीचं वेड असेल तर स्वतंत्र गाडीचे जास्तीचे पैसे द्या, नाहीतर सहप्रवाशांशी भांडण ठरलेलं. चौथं, रात्रीची फेरी आणि पायी फिरणं दरात आहे का? राखीव भागात या दोन्ही गोष्टींना परवानगी नाही. कॉन्झर्व्हन्सीत आहे, आणि गाडी रस्ता सोडून गवतातही नेता येते. पाचवं, मुलांचं वय. बऱ्याच ठिकाणी पाच-सहा वर्षांखालच्यांना घेत नाहीत आणि पायी फेरीला तर बारा-तेराच्या आतल्यांना नाहीच. खासगी घरात यात थोडी सूट मिळते.

आणि गाइड कोण? केनियात सफारी गाइडांची एक संघटना परीक्षा घेते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या देते. गोल्डवाले मोजकेच आहेत. सिल्व्हर गाइड मिळाला तर नशीब समजा. तो त्याच भागातला मसाई असला तर आणखी उत्तम, कारण मग तुम्ही ज्या टेकडीवर चहा पीत आहात तिथे त्याने लहानपणी वासरं राखलेली असतात.

शाकाहाराचं, जैन जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा. केनियात आपली माणसं रेल्वे बांधायला गेली ती १८९६ पासून, आणि २०१७ मध्ये तर सरकारने तिथल्या भारतीयांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. डाळ-भात, चपाती तिथल्या स्वयंपाक्याला नवी नाही. तरी भाज्या नैरोबीहून येतात, तेव्हा आदल्या रात्री सांगून उपयोग नसतो.

परदेशात पैसे पाठवताना बँक किंवा टूरवाला टीसीएस नावाचा आगाऊ कर कापतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना त्याचा हिशेब लागतो. पावती जपा, एवढंच.

कागदपत्रं आणि टोचून घेणं

२०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, सुरू केलं. अर्ज ऑनलाइन, फी साधारण ३० डॉलर, तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचा वेगळा. मुक्कामाच्या बुकिंगचा कागद जोडावा लागतो, म्हणून आधी कॅम्प, मग ईटीए. सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी केनिया सरकारचं जीओ डॉट केई आहे का, ते बघून घ्या.

पीतज्वराची लस हा खरा महत्त्वाचा भाग. ती केनियासाठी जितकी, त्याहून जास्त परत भारतात येण्यासाठी लागते. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि तिथे मिळणारं पिवळं कार्ड आता आयुष्यभर चालतं. केंद्रांवर कधी लस संपलेली असते, कधी तारीख मिळत नाही. म्हणून विमानाचं तिकीट काढलं की त्याच आठवड्यात याच्या मागे लागा. साठीच्या पुढच्यांनी आणि काही आजार असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, हा सल्ला सासूबाईंसाठी आम्ही काटेकोर पाळला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा.

विम्यात विमानाने हलवण्याची सोय आहे का पाहा. बरेच कॅम्प नैरोबीच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचं संरक्षण दरातच देतात. जवळचं मोठं इस्पितळ गाडीने तासन् तास लांब असतं, त्यामुळे हा कागद शोभेचा नाही.

बॅग, आणि माझी फजिती

मुंबई ते नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं. घड्याळ अडीच तास मागे. तिथून माराला जायचे दोन रस्ते. गाडीने नारोकवरून पाच-सहा तास, वाटेत रिफ्ट व्हॅली या प्रचंड दरीचा कडा लागतो आणि तिथे थांबून चहा घेतल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. नाहीतर विल्सन या छोट्या विमानतळावरून बारा-पंधरा आसनांचं विमान, पाऊण तास. हे विमान एसटीसारखं असतं. एका धावपट्टीवर दोघांना उतरवायचं, पुन्हा उडायचं, सात मिनिटांवर पुढचा थांबा. आपला थांबा कुठला ते पाठ असू द्या.

या विमानात माणशी १५ किलो सामान, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी. हे मी वाचलं होतं. तरी माझ्या नव्याकोऱ्या चाकांच्या टणक सूटकेसचा मोह सुटला नाही. विल्सनच्या काउंटरवरच्या बाईंनी तिच्यावर बोट वाजवून पाहिलं, टकटक आवाज आला, आणि मान हलवली. विमानाच्या पोटातल्या कप्प्यात बॅगा दाबून बसवतात, टणक बॅग दबत नाही. शेवटी ती तिथेच सांभाळायला ठेवली आणि माझे कपडे बाजारच्या दोन कापडी पिशव्यांतून माराला आले. चार दिवस मी त्या पिशव्यांतून कपडे काढत होते आणि सासूबाई काही बोलत नव्हत्या, हे जास्त लागलं.

कापडी पिशव्या होत्या हे नशीब, कारण प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात ऑगस्ट २०१७ पासून कडक बंदी आहे. खाऊ, चपला, ओले कपडे यांसाठी घरातल्या कॅरीबॅग कोंबायची आपली सवय आहे, ती घरीच सोडा. ड्रोन नेऊ नका, परवान्याशिवाय विमानतळावरच काढून घेतात. लष्करी छापाचे कपडेही नकोत. गडद निळा आणि काळा रंग टाळा, चावणाऱ्या त्सेत्से माशा त्यावर येतात. मातकट, हिरवट, साधे रंग घ्या आणि एक जाड स्वेटर घ्याच. मारा विषुववृत्ताजवळ असला तरी उंची पंधराशे मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या गाडीत महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी थंडी वाजते. ब्रिटिश पद्धतीच्या चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. दुर्बीण माणशी एक. नवराबायकोत एक दुर्बीण नेऊन पाहा, चित्त्यापेक्षा भांडणच जास्त दिसतं.

पहिली संध्याकाळ

पोचल्यावर गार टॉवेल, सरबत, मग एक कागद सही करायला देतात. जंगली प्राण्यांमुळे काही झालं तर जबाबदारी तुमची, असा त्याचा मथितार्थ. घाबरू नका, पण गमतीतही घेऊ नका. कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूबाहेर एकट्याने पाऊल टाकायचं नाही. टॉर्चने खूण केली की आस्करी, म्हणजे पहारेकरी, येतो. बहुतेकदा अंगावर लाल चौकटींची शुका, हातात भाला किंवा काठी. तो तुम्हाला जेवायला नेतो आणि परत आणून सोडतो. तंबूची चेन वरपासून खालपर्यंत लावायची. तंबूत खाण्याचं काही ठेवायचं नाही. चिवड्याचा डबासुद्धा कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या, माकडांना चिवडा फार आवडतो.

पुष्कळ कॅम्पांत अंघोळीची पद्धत अशी: तंबूच्या मागे बाहेरच्या बाजूला दोरीने एक कॅनव्हासची बादली टांगलेली असते. तुम्ही वेळ सांगायची. त्या वेळी बाहेरून आवाज येतो, "मजी मोटो!" म्हणजे गरम पाणी. बादली वर ओढली जाते, आणि तुम्ही आत साखळी ओढून फवारा सुरू करता. वीस लिटरच्या आसपास पाणी, तेवढ्यात उरकायचं. ज्यांनी चाळीत किंवा दुष्काळी गावात दिवस काढलेत त्यांना हे सहज जमतं. आमच्या सासूबाईंनी उरलेलं पाणी पाहून विचारलं, "यात कपडे धुऊ का?" तसा कपडे धुण्याचा प्रश्न येत नाही, कारण ते रोज नेऊन इस्त्री करून आणून देतात. फक्त धुणारे बहुतेक पुरुष असतात, म्हणून बायकांची अंतर्वस्त्रं घेत नाहीत. न्हाणीघरात साबणचुऱ्याची छोटी बरणी असते ती त्यासाठी.

जेवून परत आलात आणि पांघरुणात पाय घातलात की काहीतरी ऊबदार, मऊ लागेल. किंचाळू नका. गरम पाण्याची पिशवी आहे, लोकरी कव्हरमधली, संध्याकाळी कुणीतरी गुपचूप ठेवून गेलेलं असतं. माझी जाऊ किंचाळली होती आणि दोन आस्करी धावत आले होते.

रात्री सिंहाचा आवाज येईल. तो डरकाळीसारखा कमी आणि कुणी मोठा माणूस खोल विहिरीतून कण्हत असल्यासारखा जास्त वाटतो. कितीही जवळ वाटला तरी सहसा दोन-चार किलोमीटरवर असतो. सकाळी आस्करी सांगेल की रात्री तंबूमागून गेला. कधीकधी ते खरं असतं.

गाडीत

पहाटे साडेपाचला कॉफी किंवा चहा आणि बिस्किटं तंबूत येतात. सहाच्या सुमारास निघायचं. पहिल्या दिवशी गाइडला 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी देऊ नका. त्याऐवजी "तुला आज काय बघायचंय?" असं विचारा. आमचा गाइड एकदा हसला आणि आम्हाला वारुळापाशी घेऊन गेला, मुंगसांची अख्खी वसाहत उन्हं खात बसली होती. अर्धा तास आम्ही तिथेच. सिंह नंतर भेटले, ते काय, झोपलेलेच होते.

एका प्राण्याभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, हा बहुतेक कॉन्झर्व्हन्सींचा नियम आणि तो पाळला जातो. सहावी गाडी लांब थांबून वाट बघते. गाडीत उभं राहायचं तर गाइडला विचारून. मोबाइलचा आवाज बंद. शीळ, टाळी, "ए इकडे बघ" काही नाही. निसर्गाची हाक आली तर ती केनियात "टायर तपासायचाय" अशी सांगतात. गाइड आधी झुडपामागे जाऊन बघून येतो, मग तुम्ही.

आणि मध्येच गुरं दिसतील. गळ्यात घंटा, मागे एक पोरगा, खांद्यावर काठी. आमच्या गाडीतल्या एका परदेशी बाईंनी तक्रार केली, की एवढे पैसे भरून फोटोत गाई येताहेत. गाइड शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्या गाई माझ्या काकांच्या आहेत. आणि तुम्ही बसलाय ती जमीनही." गवत किती वाढू द्यायचं, कुठल्या आठवड्यात कुठला पट्टा गुरांना मोकळा करायचा हे ठरवून केलेलं असतं. चरून तोकडं झालेलं गवत हरणांनाही आवडतं, आणि हरणांमागे चित्ता येतो. फोटोत गाय आली तर येऊ द्या.

पायी फेरी एक तरी कराच. बंदूकधारी रेंजर पुढे, तुम्ही एका ओळीत मागे. गाडीतून न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात: तरसाची चुनखडीसारखी पांढरी विष्ठा, हत्तीने सोललेली बाभळ, ओल्या मातीत बिबट्याच्या पंजावर उमटलेला टिटवीचा पाय. गाइडने तो ठसा दाखवून विचारलं, आधी कोण गेलं? सातवीतल्या माझ्या मुलाने बरोबर सांगितलं, आणि घरी आल्यावर तीच एक गोष्ट तो सगळ्यांना सांगत सुटला.

चार शब्द, आणि टीप

स्वाहिली अवघड नाही. चहाला चाय, चपातीला चपाती, गाडीला गारी, दुकानाला दुका, रंगाला रांगी, औषधाला दावा. मिरचीला पिलीपिली, हे पहिल्या जेवणातच शिकून ठेवा. पण मसाई माणसाशी त्याच्या माआ भाषेत "सोपा" म्हणालात तर चेहरा खुलतो. उत्तर येतं "एपा". आभार मानायला "आशे ओलेंग".

मन्याट्टा, म्हणजे मसाई वस्ती बघायला नेतात. आधी कॅम्पकडून ठरवून घ्या की फी किती आणि ती वस्तीच्या सामाईक पेटीत जाते की मधल्यामध्ये कुणाच्या खिशात. विचारल्याशिवाय फोटो नको. मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. मण्यांचं काम घ्यायचं तर ते विणणाऱ्या बाईच्याच हातात पैसे द्या, जमिनीचं भाडं जिथे तिच्यापर्यंत पोचत नाही तिथे हे निदान पोचतं. घासाघीस थोडी चालते, तुळशीबागेतली नाही.

टीप शेवटच्या दिवशी. गाइडला वेगळी, हातात. बाकी कर्मचाऱ्यांसाठी एक पेटी असते. साधारण माणशी दिवसाला दहा ते वीस डॉलर गाइडला आणि तेवढेच पेटीत. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या हव्यात, जुन्या नोटा तिथे कुणी घेत नाही. पेटीत टाकाल तेव्हाच तो आठवा, जो पहाटे चार वाजता उठून तुमच्या चहासाठी चूल पेटवत होता.

निघायच्या दिवशी सासूबाई दिसेनात. शोधलं तर स्वयंपाकघराच्या तंबूत. तिथला स्वयंपाकी कणकेची वळकटी गुंडाळून, दाबून, तेलावर चपाती भाजत होता आणि या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. "हिला चपाती काय म्हणतो, हा तर लच्छा पराठा," असं त्यांनी त्याला मराठीत समजावलं आणि तो स्वाहिलीत हो म्हणाला. दोन पराठे डब्यात घालून दिले.

धावपट्टीवर विमान उतरण्याआधी कॅम्पची गाडी एक फेरी मारून झेब्रे हाकलते, तोवर वेळ असतो. तेवढ्यात एक काम करा. पिवळं कार्ड बॅगेच्या तळाशी असेल तर वर काढून पासपोर्टमध्ये ठेवा. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य खात्याचा माणूस ते मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात, आणि आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ रात्री दोन वाजता जमिनीवर अख्खी बॅग पालथी करून ते शोधत होते.